सिग्नल फुल, तरी इंटरनेट गुल? मोबाइल डेटा नेमका कसा सुरू होतो आणि बंद पडला तर काय करायचं

नवीन सिम घातलं, रिचार्ज केला, स्क्रीनच्या वरच्या कोपऱ्यात सिग्नलच्या सगळ्या दांड्या दिसताहेत. फोन लावला तर लागतोही. पण व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेल्या मेसेजपुढचं घड्याळ काही हलत नाही आणि ब्राउझर म्हणतो, ‘तुम्ही ऑफलाइन आहात’.

हा अनुभव जवळपास प्रत्येकाला कधी ना कधी येतो. एकेकाळी मोबाइलवरचं इंटरनेट ही चैन होती. आज किराणा दुकानातलं यूपीआय पेमेंट, परीक्षेचं हॉल तिकीट, शेतकऱ्याची ई-पीक पाहणी, रेल्वेचं तिकीट असं सगळंच त्यावर अवलंबून आहे. त्यामुळे डेटा बंद पडला की माणूस घाईघाईने जवळच्या दुकानात जातो, लॉक उघडून फोन अनोळखी हातात देतो आणि तो कधी परत मिळेल याची वाट पाहतो. त्याच फोनमध्ये बँकेचं अ‍ॅप असतं, फोटो असतात, ओटीपी येत असतात.

खरं तर बहुतेक वेळा बिघाड फार किरकोळ असतो आणि तो घरबसल्या दहा मिनिटांत दुरुस्त होतो. त्यासाठी मोबाइल डेटा सुरू होतो म्हणजे नेमकं काय होतं, एवढं समजलं पाहिजे.

सिग्नल आणि इंटरनेट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत

इथेच सगळ्यात मोठा गैरसमज आहे. स्क्रीनवरच्या दांड्या इतकंच सांगतात की तुमच्या फोनला जवळच्या टॉवरचा सिग्नल किती जोरात मिळतो आहे. इंटरनेट चालू आहे की नाही, हे त्या सांगत नाहीत.

फोन सुरू केल्यावर पडद्यामागे तीन टप्पे पार पडतात.

१. ओळख पटणं. सिममध्ये एक खास क्रमांक आणि एक गुप्त किल्ली साठवलेली असते. टॉवरमार्फत कंपनीची यंत्रणा ती तपासते आणि हा आपला ग्राहक आहे याची खात्री करते. हे झालं की स्क्रीनवर कंपनीचं नाव दिसतं.

२. परवानगी तपासणं. या ग्राहकाचा रिचार्ज चालू आहे का, त्याच्या प्लॅनमध्ये डेटा आहे का, हे पाहिलं जातं.

३. इंटरनेटचं दार उघडणं. फोन कंपनीकडे डेटा जोडणीची मागणी करतो. ही मागणी करताना त्याला एक नाव सांगावं लागतं. ते नाव बरोबर असेल तर कंपनी फोनला एक आयपी पत्ता देते आणि इंटरनेट सुरू होतं.

पहिला टप्पा पार पडला आणि तिसरा अडला, तर दांड्या पूर्ण दिसतात पण एकही पान उघडत नाही. या तिसऱ्या टप्प्यावर जे नाव सांगावं लागतं, त्यालाच ‘एपीएन’ म्हणतात.

एपीएन म्हणजे काय?

एपीएन म्हणजे अ‍ॅक्सेस पॉइंट नेम. हे समजायला एसटी स्टँडचं उदाहरण सोपं आहे. तुम्ही घरातून निघून स्टँडवर पोहोचलात, म्हणजे टॉवरपर्यंत पोहोचलात. पण स्टँडवर दहा फलाट असतात. कुठल्या फलाटावर उभं राहायचं हे माहीत नसेल, तर स्टँडवर येऊनही गाडी चुकते. एपीएन म्हणजे त्या फलाटाचा पत्ता.

मोबाइल कंपनीकडेही अशी अनेक दारं असतात. सामान्य इंटरनेटसाठी एक, ४जीवरच्या आवाजी कॉलसाठी दुसरं, एखाद्या मोठ्या कंपनीच्या खासगी नेटवर्कसाठी तिसरं. फोनने सांगितलेल्या नावावरून त्याला कोणत्या दाराने आत घ्यायचं हे यंत्रणा ठरवते. नावात एका अक्षराची जरी चूक झाली, तरी दार उघडत नाही.

म्हणूनच कॉल व्यवस्थित लागतो आणि इंटरनेट मात्र चालत नाही, असं होऊ शकतं. दोन्हींचे मार्ग वेगळे आहेत.

एवढं सगळं आहे, तर आजवर कधी भरावं का लागलं नाही?

कारण फोन ते स्वतः भरतो. सिमवरच्या क्रमांकाच्या सुरुवातीचे आकडे देश आणि कंपनी सांगतात. भारतातल्या सिमवर हा क्रमांक साधारणपणे ४०४ किंवा ४०५ ने सुरू होतो. फोनच्या सॉफ्टवेअरमध्ये जगभरातल्या कंपन्यांची एक यादी असते. सिम घालताच फोन हे आकडे वाचतो, यादीतली जुळणारी नोंद उचलतो आणि एपीएन आपोआप बसतं.

जीपीआरएसच्या काळात तसं नव्हतं. तेव्हा ग्राहक सेवा केंद्राला फोन करून ‘सेटिंग पाठवा’ असं सांगावं लागे. मग एक खास एसएमएस येई, तो उघडून ‘सेव्ह’ केला की इंटरनेट सुरू होई. ज्यांनी छोट्या स्क्रीनच्या बटणांच्या फोनवर इंटरनेट वापरलं आहे, त्यांना हे आठवत असेल.

आज हे काम आपोआप होत असलं तरी ते पुढच्या काही वेळा फसतं:

- नंबर एका कंपनीतून दुसरीत पोर्ट केला आणि फोनमध्ये जुनीच नोंद निवडलेली राहिली.
- फोन परदेशातून आणलेला आहे किंवा खूप जुना आहे आणि त्याच्या यादीत आपल्या कंपनीची नोंद नाही.
- सॉफ्टवेअर अपडेटनंतर नोंद बदलली किंवा पुसली गेली.
- ‘इंटरनेट फास्ट करणारं एपीएन’ असा व्हिडिओ पाहून कुणीतरी स्वतःच नाव बदललं.

शेवटचं कारण विशेष लक्षात ठेवण्यासारखं आहे. एपीएन हा पत्ता आहे, इंजिन नाही. तो बदलल्याने वेग वाढत नाही. वेग ठरतो तो टॉवरवरची गर्दी, टॉवरपासूनचं अंतर, फोनची क्षमता आणि तुमचा प्लॅन यांवर.

आधी या साध्या गोष्टी तपासा

एपीएनला हात लावण्याआधी खालचा क्रम पाळा. निम्म्याहून जास्त अडचणी एपीएनपर्यंत जायच्या आधीच सुटू शकतात.

१. डेटाचं बटण. स्क्रीन वरून खाली ओढा आणि ‘मोबाइल डेटा’ चालू आहे का ते पाहा. खिशात ठेवताना किंवा मुलांच्या हातून ते बंद होणं ही नेहमीची गोष्ट आहे. विमान मोडही चालू नाही ना, ते बघा.

२. कोणतं सिम? दोन सिम असतील तर डेटा एका वेळी एकाच सिमवर चालतो. रिचार्ज पहिल्या सिमचा आणि डेटासाठी निवडलेलं सिम दुसरं, असा घोळ फार घरांत असतो. सेटिंग्जमध्ये सिमच्या भागात जाऊन डेटासाठी कोणतं सिम निवडलं आहे ते तपासा.

३. रिचार्ज आणि रोजची मर्यादा. दिवसाचा डेटा संपला की अनेक प्लॅनमध्ये इंटरनेट पूर्ण बंद होत नाही, त्याचा वेग ६४ केबीपीएसवर येतो. हा वेग किती कमी आहे? त्यात सेकंदाला जेमतेम ८ किलोबाइट माहिती येते. म्हणजे २ एमबीचा एक फोटो उतरायला चार मिनिटांपेक्षा जास्त वेळ लागतो. त्यामुळे इंटरनेट ‘बंद’ वाटतं, पण ते असतं रांगत. कंपनीचं अ‍ॅप वाय-फायवर उघडून शिल्लक डेटा पाहिला की शंका मिटते.

४. विमान मोड. तो चालू करा, दहा-पंधरा सेकंद थांबा आणि बंद करा. यामुळे फोन टॉवरशी नव्याने नातं जोडतो आणि वर सांगितलेले तीनही टप्पे पहिल्यापासून होतात. एवढ्याने काम झालं नाही तर फोन एकदा बंद करून सुरू करा.

५. व्हीपीएन आणि प्रायव्हेट डीएनएस. कधीकाळी टाकलेलं व्हीपीएन अ‍ॅप किंवा जाहिराती रोखण्यासाठी बदललेलं ‘प्रायव्हेट डीएनएस’ बिघडलं, तर डेटा चालू असूनही काहीच उघडत नाही. व्हीपीएन बंद करा आणि प्रायव्हेट डीएनएस ‘ऑटोमॅटिक’वर ठेवा.

६. तारीख आणि वेळ. हे ऐकून आश्चर्य वाटेल, पण फोनमधली तारीख चुकलेली असेल तर सुरक्षित वेबसाइट उघडत नाहीत. वेबसाइटच्या सुरक्षा प्रमाणपत्राला मुदत असते आणि फोन ती स्वतःच्या तारखेशी ताडून पाहतो. तारीख-वेळ ‘आपोआप’वर ठेवा.

७. एखाद्याच अ‍ॅपचा प्रश्न? यूट्यूब चालतं पण एकच अ‍ॅप चालत नसेल, तर डेटा ठीक आहे. त्या अ‍ॅपला मोबाइल डेटा वापरायची परवानगी आहे का आणि ‘डेटा सेव्हर’ चालू आहे का, ते पाहा.

डेटा सेवाच बंद असेल तर?

कधी फोनमध्ये सगळं बरोबर असतं, पण कंपनीच्या बाजूने डेटा सेवा सुरू केलेली नसते. भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरण, म्हणजे ट्राय, याच्या नियमानुसार ग्राहकाच्या स्पष्ट संमतीशिवाय डेटा सेवा सुरू करता येत नाही. ती सुरू किंवा बंद करण्यासाठी १९२५ हा टोल फ्री क्रमांक आहे. त्यावर इंग्रजी अक्षरांत ‘स्टार्ट’ असा एसएमएस पाठवला की सेवा सुरू करण्याची आणि ‘स्टॉप’ पाठवला की बंद करण्याची विनंती नोंदवली जाते. एसएमएसला इंटरनेट लागत नाही, त्यामुळे डेटा बंद असतानाही हे करता येतं.

घरातल्या ज्येष्ठांना फक्त बोलण्यापुरता फोन हवा असेल आणि चुकून डेटा सुरू होऊन पैसे कापले जाण्याची भीती वाटत असेल, तर हाच क्रमांक उलट बाजूनेही कामाला येतो.

एपीएन स्वतः कसं भरायचं?

वरचं सगळं करूनही डेटा सुरू झाला नाही, तर एपीएनकडे वळा. अँड्रॉइड फोनमध्ये मार्ग साधारण असा आहे:

१. ‘सेटिंग्ज’ उघडा.
२. ‘नेटवर्क आणि इंटरनेट’ किंवा ‘कनेक्शन्स’ या भागात जा. काही फोनमध्ये याचं नाव ‘सिम कार्ड आणि मोबाइल नेटवर्क’ असं असतं.
३. आपलं सिम किंवा ‘मोबाइल नेटवर्क’ निवडा.
४. ‘अ‍ॅक्सेस पॉइंट नेम्स’ उघडा.
५. कोपऱ्यातले तीन ठिपके दाबून आधी ‘रीसेट टू डीफॉल्ट’ करून पाहा. यामुळे फोन मूळ यादीतली नोंद पुन्हा आणतो. बऱ्याचदा एवढंच पुरतं.
६. तरीही जमलं नाही तर अधिक चिन्ह किंवा ‘नवीन एपीएन’ दाबा.

नव्या नोंदीत वीसेक रकाने दिसतात. घाबरू नका, त्यातले तीन-चारच महत्त्वाचे आहेत.

- नाव: इथे काहीही लिहिलं तरी चालतं. ही फक्त तुमच्या ओळखीची खूण आहे.
- एपीएन: हाच खरा रकाना. कंपनीने दिलेलं नाव इंग्रजीत, लहान लिपीत, मध्ये जागा न सोडता लिहायचं.
- एपीएन प्रकार: इथे इंग्रजीत ‘डीफॉल्ट’, मग स्वल्पविराम आणि ‘एसयूपीएल’ अशी चार अक्षरं. सामान्य वापराला एवढं पुरतं.
- एपीएन प्रोटोकॉल: ‘आयपीव्ही४/आयपीव्ही६’ हा जोडपर्याय निवडा.

प्रॉक्सी, पोर्ट, वापरकर्ता नाव, पासवर्ड हे रकाने आजच्या सेवांसाठी साधारणपणे रिकामेच ठेवायचे असतात. शेवटी तीन ठिपके दाबून ‘सेव्ह’ करा, यादीत परत येऊन नव्या नोंदीपुढचं गोल बटण निवडा आणि फोन बंद करून सुरू करा. सेव्ह केलं पण निवडलं नाही, ही सर्वांत जास्त होणारी चूक आहे.

प्रमुख कंपन्यांची एपीएन नावं

- जिओ: ‘जिओनेट’. अक्षरं: जे-आय-ओ-एन-ई-टी.
- एअरटेल: ‘एअरटेलजीपीआरएस डॉट कॉम’. अक्षरं: ए-आय-आर-टी-ई-एल, लगेच जी-पी-आर-एस, मग टिंब आणि सी-ओ-एम.
- व्हीआय: डब्ल्यू हे अक्षर तीन वेळा, बाकी काही नाही.
- बीएसएनएल: ‘बीएसएनएलनेट’. अक्षरं: बी-एस-एन-एल-एन-ई-टी.

एअरटेलच्या नावात आजही ‘जीपीआरएस’ आहे, पण त्यामुळे वेग जुन्या काळाचा मिळत नाही. दाराची पाटी जुनी असली तरी आत ४जी आणि ५जीच चालतं.

आयफोनमध्ये हा भाग ‘सेटिंग्ज’मधल्या मोबाइल सेवेच्या पानावर ‘मोबाइल डेटा नेटवर्क’ या नावाने असतो. मात्र कंपनीने परवानगी दिलेली असेल तरच तो दिसतो. दिसत नसेल तर फोन वाय-फायला जोडा, ‘सेटिंग्ज’, ‘जनरल’, ‘अबाउट’ या मार्गाने जा आणि थोडं थांबा. कंपनीची नवी सेटिंग्ज उपलब्ध असतील तर ती घेण्याची विचारणा स्क्रीनवर येते.

ई, एच, ४जी, ५जी: ही चिन्हं काय सांगतात?

सिग्नलच्या शेजारचं छोटं अक्षर तुम्ही नेटवर्कच्या कोणत्या पिढीवर आहात हे सांगतं. ‘जी’ किंवा ‘ई’ म्हणजे २जी. यावर साधा मजकूर कसाबसा जातो, पण व्हिडिओची आशा सोडा. ‘एच’ म्हणजे ३जी. ‘४जी’ किंवा ‘एलटीई’ म्हणजे चौथी पिढी. सिग्नलवर उद्गारचिन्ह किंवा छोटी फुली दिसली, तर टॉवर सापडला आहे पण इंटरनेटचं दार उघडलेलं नाही, असं समजा.

शहरात राहूनही सतत ‘ई’ दिसत असेल, तर ‘पसंतीचा नेटवर्क प्रकार’ या सेटिंगमध्ये २जी निवडलेलं नाही ना, ते पाहा. बॅटरी वाचवण्यासाठी कुणीतरी ते केलेलं असू शकतं. तिथे उपलब्ध असलेला सर्वांत वरचा, ‘ऑटो’ असलेला पर्याय ठेवा.

जिओची गोष्ट थोडी वेगळी आहे. २०१६ साली सेवा सुरू झाली तेव्हापासूनच त्यांचं नेटवर्क फक्त ४जीचं होतं, २जी किंवा ३जी मुळात नव्हतंच. त्यामुळे जिओवर साधा आवाजी कॉलसुद्धा डेटाच्याच तंत्रावर, म्हणजे व्होल्टीवर चालतो. फोनमध्ये व्होल्टी बंद असेल तर कॉलही अडतात.

५जी फोन आहे, तरी ५जी का दिसत नाही?

भारतात ५जी सेवेचा प्रारंभ १ ऑक्टोबर २०२२ रोजी झाला. ५जी मिळण्यासाठी त्या भागात टॉवर हवा, प्लॅन ५जीला पात्र हवा, फोनने ते तंत्र ओळखायला हवं आणि नेटवर्क प्रकारात ५जी निवडलेलं हवं. यातलं एक जरी नसलं तरी फोन ४जीवर राहतो.

जिओने ५जीसाठी स्वतंत्र पाया उभारला, तर एअरटेलने सुरुवात केली ती ४जीच्या आधारावर. त्यामुळे काही सुरुवातीच्या ५जी फोनवर एका कंपनीचं ५जी आधी चाललं आणि दुसरीचं सॉफ्टवेअर अपडेट आल्यावरच सुरू झालं.

महत्त्वाचं म्हणजे जिओ आणि एअरटेलच्या ४जी सिमवरच ५जी चालतं. त्यासाठी सिम बदलावं लागत नाही.

‘५जी अपग्रेड’च्या नावाने येणारे फोन

‘तुमचं सिम ५जी करून देतो, आलेला ओटीपी सांगा’ किंवा ‘डेटा सुरू करायला हे अ‍ॅप टाका’ असा फोन आला, तर तो ठेवून द्या. एपीएन भरायला, डेटा सुरू करायला किंवा ५जीवर जायला फोनवर कुणालाही ओटीपी सांगावा लागत नाही. ओटीपी हातात आला की भामटा तुमच्या नंबरचं दुसरं सिम किंवा ई-सिम स्वतःकडे सुरू करू शकतो आणि मग बँकेचे ओटीपीही त्याच्याकडे जातात.

अचानक तुमच्या फोनची ‘सेवा’च नाहीशी झाली, दुसऱ्या कुणाचा त्याच कंपनीचा फोन मात्र चालू आहे, तर तो डेटाचा बिघाड समजून गप्प बसू नका. दुसऱ्या फोनवरून आधी कंपनीला आणि बँकेला कळवा. पैसे गेले असतील तर सायबर फसवणुकीसाठीच्या १९३० या राष्ट्रीय मदत क्रमांकावर जितक्या लवकर फोन कराल, तितकी रक्कम थांबवण्याची शक्यता जास्त.

तरीही सुरू झालं नाही तर?

आधी सिम काढून दुसऱ्या फोनमध्ये घालून पाहा. तिथे डेटा चालला तर दोष तुमच्या फोनच्या सेटिंगमध्ये आहे. तिथेही चालला नाही तर दोष सिममध्ये किंवा कंपनीकडे आहे.

फोनचा दोष असेल तर शेवटचा उपाय ‘नेटवर्क सेटिंग्ज रीसेट’. यात साठवलेले वाय-फाय पासवर्ड आणि ब्लूटूथ जोडण्या जातात, पण फोटो, संपर्क आणि अ‍ॅप्स सुरक्षित राहतात. हे आणि ‘फॅक्टरी रीसेट’ एक नाही. फॅक्टरी रीसेटमध्ये फोनमधलं सगळं पुसलं जातं. दोन्ही पर्याय एकाच पानावर असतात, त्यामुळे बटण दाबण्याआधी नाव दोनदा वाचा. फोन दुसऱ्याकडे दुरुस्तीला दिला तरी नेमकं कोणतं रीसेट करणार, हे आधी विचारा.

कंपनीचा दोष असेल तर त्याच कंपनीच्या सिमवरून १९८ या तक्रार क्रमांकावर फोन करा. तक्रार नोंदवल्यावर एक डॉकेट क्रमांक मिळतो, तो जपून ठेवा. तक्रार सुटली नाही किंवा उत्तर समाधानकारक वाटलं नाही, तर कंपनीच्याच अपील प्राधिकरणाकडे ३० दिवसांच्या आत दाद मागता येते. त्यासाठी शुल्क लागत नाही.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

कॉल चालू असताना इंटरनेट का थांबतं?
व्होल्टी नसेल तर कॉलच्या वेळी फोन ४जी सोडून खालच्या पिढीवर उतरतो आणि डेटा मंदावतो किंवा थांबतो. दोन सिमच्या फोनमध्ये एका सिमवर कॉल असताना दुसऱ्याचा डेटा थांबू शकतो. व्होल्टी चालू ठेवा आणि ‘कॉलदरम्यान डेटा’ असा पर्याय असेल तर तोही चालू करा.

सिम बदलून घेतलं, आता डेटा आहे पण एसएमएस येत नाही. का?
सिम बदलल्यावर सुरक्षेसाठी पहिले २४ तास एसएमएस सेवा बंद ठेवली जाते, म्हणजे चोराला ओटीपी मिळू नये. त्या दिवशी बँकेची महत्त्वाची कामं ठेवू नका.

परदेशात गेल्यावर एपीएन बदलावं लागतं का?
भारतीय सिम रोमिंगवर वापरणार असाल तर साधारणपणे नाही. फक्त ‘डेटा रोमिंग’ चालू करावं लागतं आणि निघण्याआधी त्या देशाचा पॅक घ्यावा लागतो. पॅक नसेल तर डेटा रोमिंग बंदच ठेवा, नाहीतर बिल फुगतं. तिथलं स्थानिक सिम घेतलं तर मात्र त्या कंपनीचं एपीएन लागतं. ते सहसा आपोआप बसतं, नाही बसलं तर वरचीच पद्धत वापरा.

चुकीचं एपीएन भरलं तर फोन खराब होतो का?
नाही. फार तर इंटरनेट सुरू होणार नाही. ‘रीसेट टू डीफॉल्ट’ केलं की सगळं पूर्ववत होतं.